तळ्याकाठचे संसार

मुंबईहून विरारकडे जाणारी लोकल दहिसर ओलांडून मीरा रोड व भाईंदर या स्थानकांवर येते, तेव्हा खिडकीतून इमारतींवाचून दुसरे फारसे काही दिसत नाही. पुढे वसईच्या खाडीवरचा लांबलचक पूल लागतो, आणि मग कोठे प्रवाशाच्या ध्यानात येते की, ही सारी भूमी समुद्राच्या आणि खाडीच्या कुशीत वसलेली आहे. २००२ साली येथे महानगरपालिका झाली. त्यापूर्वीच्या कित्येक पिढ्या ही भूमी भातखाचरांची, मिठागरांची आणि कोळीवाड्यांची म्हणून ओळखली जात असे. भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेला उतरून उत्तनच्या रस्त्याला लागले, म्हणजे राई, मुर्धे, मोर्वे या गावांच्या आसपास त्या जुन्या भूमीच्या खुणा आजही दृष्टीस पडतात.

अशाच एका गावाच्या कडेला एक तळे आहे. त्याच्या पश्चिमेला जुना वड आहे, दक्षिणेला ताडांची रांग आहे, आणि पूर्वेला भाताची खाचरे थेट मिठागरांच्या बांधाला जाऊन भिडली आहेत. तळ्याच्या काठाने लव्हाळे आणि पाणकणीस माजलेले असते. रस्त्याने जाणाऱ्या मोटारींना हे तळे दिसते न दिसते तोच मागे पडते; पण जो कोणी पहाटे अर्धा तास त्या वडाखाली निश्चल बसेल, त्याला तेथे एक गजबजलेले गाव दिसू लागते. त्या गावात संसार आहेत, भांडणे आहेत, पाहुण्यांची ये-जा आहे, आणि बाळंतपणेही आहेत.

गावातली एक बारा वर्षांची मुलगी आणि तिचे आजोबा रोज सकाळी त्या वडाखाली येऊन बसत. आजोबांनी आपली उमेदीची वर्षे मिठागरात काढली होती. मिठाच्या कोंड्यांवर उन्हातान्हात उभे राहून त्यांनी जे पक्षी पाहिले, त्यांची नावे त्यांना कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होती. मुलीची आई मुंबईच्या एका रुग्णालयात परिचारिका होती. ती पहाटेची लोकल धरून कामावर जाई. वडील भाईंदरच्या पूर्वेला स्टीलची भांडी करणाऱ्या एका कारखान्यात दुपारच्या पाळीला जात. त्यामुळे सकाळचा स्वयंपाक, धाकट्या भावाचे आवरणे आणि मुलीचा डबा ही सारी कामे वडीलच करीत. ते भाकरी उत्तम भाजत, आणि त्यांच्या हातच्या सुक्या जवळ्याची चव आजोबांना आजीच्या हाताची आठवण करून देत असे.

घरात या गोष्टीचे कोणाला काही वाटत नव्हते. परंतु एके दिवशी वर्गातल्या मुलांना कळले की, हिचा डबा हिचे वडील करतात. मधल्या सुट्टीत कोणी तरी मोठ्याने विचारले, “तुमच्या घरात बाई कोण आणि बुवा कोण?” सारा वर्ग हसला. मुलगी काही बोलली नाही, आणि घरीही तिने कोणाला काही सांगितले नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून ती झाकण आडवे धरून डबा खाऊ लागली.

आजोबांनी तिला पक्ष्यांच्या नोंदीसाठी एक वही दिली होती. मुलीने पट्टी धरून प्रत्येक पानावर दोन रकाने आखले होते. एकावर लिहिले होते ‘नर’ आणि दुसऱ्यावर ‘मादी’. रकाने भरण्यासाठी तिने एक सोपा नियमही ठरवून टाकला होता: जो देखणा तो नर, आणि जी साधी ती मादी. मोर आणि लांडोर, कोंबडा आणि कोंबडी यांच्याकडे पाहून हा नियम कोणीही करील. तिनेही तसाच केला.

या नियमाला पहिला धक्का दिवाळीच्या सुमारास बसला. थंडीची चाहूल लागताच उत्तरेकडून दूरदेशीची बदके तळ्यावर आणि मिठागरांतल्या पाण्यावर उतरू लागली. त्यांत टोकदार शेपटीची तलवार बदके होती आणि फावड्यासारख्या पसरट चोचीची थापट्या बदकेही होती. हजारो मैल उडत येऊन ती पाण्यावर अशी स्वस्थ बसली होती, की जणू ती येथलीच! पण झाडून सारी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची आणि साधी. मुलीने आपल्या नियमाप्रमाणे लिहिले: ‘तलवार बदके अकरा. सर्व माद्या.’

डिसेंबर उजाडला, तेव्हा त्या अकरांतील पाच बदकांचे रूप पालटू लागले. त्यांचे डोके चॉकलेटी झाले, मानेवरून दोन शुभ्र रेघा उतरल्या, छाती पांढरी शुभ्र झाली आणि शेपटीची दोन पिसे तलवारीसारखी लांब निघाली. मुलगी चकित झाली. “आजोबा, माद्यांचे नर कसे झाले?”

आजोबा हसले. “माद्यांचे नर झाले नाहीत, बाळ. ते आधीपासूनच नर होते. त्यांनी नुसता अंगरखा बदलला.”

या अंगरख्याची हकिकत मोठी गमतीची आहे. विणीचा हंगाम सरला की, बदके पंखांची उडण्याची सारी पिसे एकदम गाळतात, आणि नवी पिसे येईपर्यंत काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. अशा वेळी भडक रंगाचा नर शिकाऱ्याच्या नजरेस सहज पडला असता. म्हणून नरही तेवढ्या दिवसांपुरता मादीसारखा साधा वेष धारण करतो. मादीला तर हा वेष बारमास उपयोगी पडतो. कारण उघड्या जमिनीवर, गवतात अंडी उबवीत असताना तो तिला झाकून टाकतो. वाळलेल्या गवतात बसलेली मादी चार हातांवरूनही ओळखू येत नाही. ज्याला माणूस साधेपणा म्हणतो, तो वास्तविक तिचा शेला नसून तिची ढाल असते.

मुलीने वहीतली जुनी नोंद खोडली नाही. आजोबांनी तिला खोडू दिली नाही. “चूकही वहीत राहू दे,” ते म्हणाले, “पुढे ती उपयोगी पडते.” म्हणून तिने खाली फक्त तारीख घालून नवी ओळ लिहिली.

हिवाळाभर असे धक्के बसतच राहिले. तळ्यावर हळदीकुंकू नावाचे एक बदक बारा महिने राहते. काळ्या चोचीच्या टोकाला हळदीसारखा पिवळा रंग आणि कपाळाजवळ कुंकवासारखे तांबडे ठिपके. म्हणून तर त्याला लोकांनी असे गोड नाव दिले! नाव सवाष्णीचे, परंतु हे हळदीकुंकू नराच्याही चोचीवर असते आणि मादीच्याही. दोघे एका रूपाची. टिबुकलीचेही तसेच. हा इवलासा पक्षी पाण्यात बुडी मारतो तो दहा हातांवर भलतीकडेच वर येतो. त्याचे नर-मादी दिसतात सारखी आणि काम करतात तेही सारखेच. शेवाळ व पाणवनस्पती गोळा करून दोघे मिळून तरंगते घरटे बांधतात, आणि घरटे सोडून जाताना अंड्यांवर ओले शेवाळ ओढून ठेवतात. पिले जन्मली म्हणजे ती आईबापांच्या पाठीवर बसून तळ्याची सहल करतात. वहीच्या दोन रकान्यांत ही मंडळी बसेनात. मुलीला तिसरा रकाना आखावा लागला. त्यावर तिने लिहिले, ‘ओळखू येत नाही’.

काही पक्ष्यांनी तर ओळखीची खूण अशा जागी ठेवली होती की, ती सापडायला डोळस पाहणाराच हवा. काळापांढरा कवड्या खंड्या तळ्यावर एकाच जागी पंख फडफडवीत हवेत थांबतो आणि एकदम दगडासारखा पाण्यात कोसळतो. त्याच्या छातीवर काळे पट्टे असतात. नराच्या छातीवर दोन आणि मादीच्या छातीवर एकच, तोही मध्ये तुटलेला. लहान निळ्या खंड्याची खूण तर त्याहूनही सूक्ष्म आहे. नराची सारी चोच काळी असते; मादीच्या चोचीचा खालचा भाग मात्र तांबूस असतो. विणीच्या दिवसांत नर मासा धरून आणतो आणि मादीला भरवतो. त्या वेळी तो मासा असा धरतो की, त्याचे डोके मादीकडे असावे. कारण डोक्याकडून गिळला तरच मासा घशात अडकत नाही. आईने पगारातून घेऊन दिलेल्या दुर्बिणीतून मुलीने हे पाहिले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. घरी गेल्यावर तिने पाहिले, तर वडील धाकट्याच्या ताटातल्या बोंबलाचा काटा काढून देत होते.

वसंत आला आणि वडावरून ‘कुहू कुहू’ असे सूर येऊ लागले. “कोकिळा किती गोड गाते!” मुलगी म्हणाली. आजोबांनी वर बोट दाखवले. दाट पानांत लाल डोळ्यांचा काळाभोर पक्षी गळा फुगवून गात होता. “गातो आहे तो कोकीळ,” आजोबा म्हणाले. “कोकिळा ती बघ, पलीकडे.” पलीकडच्या फांदीवर तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेला एक पक्षी बसला होता. थोड्या वेळाने तो ‘किक् किक् किक्’ असा कर्कश ओरडत उडून गेला. माणसे पिढ्यान्‌पिढ्या जिला गायिका म्हणत आली, तिचा खरा आवाज हा असा!

भाषेने केलेली अशीच दुसरी चूक पावसाळ्याच्या तोंडाशी उघडकीस आली. ताडाच्या झावळ्यांना सुगरणीचे खोपे लोंबू लागले होते. सुगरण हे नावच स्त्रीचे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांनी या खोप्यावर केलेली कविता तर मराठी मुलांना परिचित आहे. परंतु दुर्बिणीतून पाहावे, तर गवताची हिरवी पाती चोचीत धरून विणणारे सारे पक्षी पिवळ्याजर्द टोपीचे, म्हणजे नर!

हे कोडे उलगडण्याचे श्रेय डॉ. सालिम अली यांना आहे. १९३० साली बर्लिनहून पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते परतले, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. मुंबईच्या खाडीपलीकडे, अलिबागजवळच्या किहीम या गावी ते पत्नीसह येऊन राहिले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. दुसरे काम नाही म्हणून हात जोडून न बसता त्यांनी त्या पावसाळ्यात सुगरणींचा संसार अथपासून इतिपर्यंत पाहिला, आणि पुढच्या वर्षी, १९३१ साली, आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांना असे दिसले की, खोपा विणतो तो नर; पण पुरता विणत नाही. अर्धा झाला की थांबतो. मग माद्या घर पाहायला येतात. त्या आत शिरतात, टोच मारून पाहतात, ओढून पाहतात. आणि पसंत पडले तर तेथेच मुक्काम करतात. मग नर उरलेला खोपा आणि त्याची नळी पुरी करतो, आणि लगेच दुसरा खोपा विणायला घेतो. पुढचे सारे, म्हणजे अंडी उबवणे आणि बहुतेक वेळा पिलांना भरवणेही, मादीकडे येते. तेव्हा भाषेने सुगरणीला दिलेला मान अगदीच वाया गेला असे नाही. भिंती त्याच्या असल्या, तरी आतले घर तिचे असते.

मुलीने वहीत लिहिले: ‘सुगरण. विणणारा नर. पसंत करणारी मादी.’ ‘देखणा’ आणि ‘साधी’ हे शब्द तिने या वेळी लिहिलेच नाहीत.

आषाढ संपत आला होता. एके संध्याकाळी खाचराच्या बांधालगत, लव्हाळ्यांच्या बुंध्याशी, दोन पक्षी चरताना दिसले. त्यांना रंगीत पाणलावा म्हणतात. अंधार पडता पडता बाहेर येणारे आणि दिवसभर दडून राहणारे हे पक्षी सहसा कोणाच्या नजरेस पडत नाहीत. दोघांपैकी एक मोठा डौलदार होता. गळा आणि छाती गडद तांबूस, डोळ्याभोवती पांढरी कड आणि खांद्यावरून उतरलेला शुभ्र पट्टा. दुसरा अंगाने लहान, मातकट, पंखांवर पिवळसर ठिपके असलेला. मुलीने वही उघडली. बदकांनी तिला फसवले होते. परंतु येथे दोन्ही रूपे समोरासमोर होती, मग शंकेला जागा कोठे होती? तिने लिहून टाकले: देखणा तो नर, साधी ती मादी.

चार-पाच दिवसांनी बांधावरच्या गवतात तो मातकट पक्षी बसलेला दिसला. तो क्षणभर उठला, तेव्हा त्याच्याखाली गवताच्या लहानशा गादीवर चार अंडी होती. पिवळसर रंगावर काळपट डागांची. आजोबांनी मुलीला तेथून मागे खेचले. “जवळ जायचे नाही. माणूस कोठे वाकून पाहतो, यावर कावळ्याचा डोळा असतो. आपण जवळ जाणे म्हणजे त्याला पत्ता सांगणे.” त्या दिवसापासून दोघे वडाखालूनच दुर्बिणीने पाहू लागली.

संध्याकाळी मोकळ्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी, तसा घुमणारा आवाज लव्हाळ्यातून येई. ओरडणारा पक्षी तो देखणाच असे. मग एके दिवशी तो दिसेनासा झाला, आणि दोन दिवसांनी तळ्याच्या पलीकडच्या काठाला, दुसऱ्याच एका मातकट पक्ष्याशेजारी, पंख पसरून मिरवताना आढळला. मुलीला संताप आला. “आजोबा, हा नर वाईट आहे. अंडी घालायला लावून हिला एकटीला टाकून गेला.”

आजोबांनी शांतपणे विचारले, “कोण नर आणि कोण मादी, हे तू पाहिलेस की ठरवलेस?”

मुलगी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिने शाळेच्या ग्रंथालयातून पक्ष्यांचे पुस्तक काढले, आणि त्यातले चित्र पाहून ती जागच्या जागी उभीच राहिली. देखणी होती ती मादी! ओरडून जोडीदाराला बोलावणारी तीच, रंग मिरवणारी तीच, आणि अंडी घालून दुसरा संसार मांडायला निघून जाणारीही तीच. आणि जो मातकट पक्षी भर पावसात अंड्यांवर बसून होता, तो त्यांचा बाप होता.

ही रीत पक्ष्यांच्या जगात विरळ आहे, पण एकटीदुकटी नाही. कमळाच्या पानांवरून लांबलचक बोटे टाकीत चालणाऱ्या कमळपक्ष्यांतही मादी अंगाने मोठी असते आणि अंडी उबवतो नर. जागा धोक्याची वाटली, तर तो अंडी चोचीने ओढीत दुसरीकडे नेतो. १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चार्ल्स डार्विन यांनी नर देखणे का असतात याची चर्चा केली आहे. तीत त्यांनी पाणलाव्यासारख्या उलट्या रीतीच्या पक्ष्यांचाही मुद्दाम विचार केला आहे. जो अंड्यांवर बसतो त्याला लपणे भाग असते, आणि जो जोडीदारासाठी झगडतो त्याला दिसणे भाग असते. रंगाचे गणित जन्मावर नव्हे, तर कामावर बसवलेले आहे, असेच जणू हे पक्षी सांगतात.

श्रावणात पावसाने उग्र रूप धारण केले. दोन दिवस सरींची उसंत नव्हती. त्यातच मोठी भरती आली. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी नाल्यांतून उलटे वर चढते आणि पावसाच्या पाण्याला उतार मिळत नाही. खाचरे काठोकाठ भरली. पलीकडचा एक बांध फुटला, आणि शेताचे मालक खांद्यावर फावडे टाकून आले. बांध बुजवायला गवताची ढेकळे हवी होती, आणि गवत सर्वांत दाट होते ते नेमके पाणलाव्याच्या बांधावर. त्यांनी तेथे फावडे उगारले.

त्याच क्षणी गवतातून एक आवाज उमटला, साप फुसकारावा तसा. मातकट पक्ष्याने दोन्ही पंख पसरून पुढे धरले होते. पंखांवरचे पिवळसर ठिपके डोळ्यांसारखे वटारलेले दिसत होते. मूठभर देहाचा तो जीव फावड्यापुढे जागचा हलला नाही. शेतकरी दचकून मागे सरले. मग नीट पाहून म्हणाले, “अरे, ही तर अंड्यांवर बसली आहे बिचारी!”

वडाखालून मुलगी पावसातच धावत आली होती. बांधापासून दहा पावलांवर थबकून ती मोठ्याने म्हणाली, “बिचारी नाही काका, बिचारा. तो बाप आहे.”

“बाप?” शेतकऱ्यांना हसू फुटले. पावसाने निथळणारा चेहरा पुसून त्यांनी पुन्हा एकदा त्या पक्ष्याकडे पाहिले. त्यांना स्वतःची तीन मुले होती. “बाप आहे होय? मग तर बसू दे.” त्यांनी फावडे उचलले आणि ते पार शेवटच्या बांधावर गेले. तेथून ढेकळे वाहून आणायला त्यांना सारा दिवस लागला. जाताना त्यांनी या खाचराची मोरीही मोकळी केली. ओहोटी लागताच पाणी उतरू लागले. अंड्यांच्या गादीपासून ते चार बोटांवर येऊन थांबले होते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांना संरक्षण दिले आहे. शेतकऱ्यांनी तो कायदा वाचला नसेल. परंतु कायद्याचे जे कलम कागदावर असते, ते कोणाच्या तरी फावड्याने पाळावे लागते. तेव्हाच अंडी वाचतात.

त्या रात्री मुलीने घरी ही सारी हकिकत सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वडिलांचा हात धरला. “बाबा, पाच मिनिटे तळ्यावर चला.” वडिलांच्या बोटांना अजून भाकरीचे पीठ लागलेले होते. वडाखाली उभे राहून त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

“किती दिवस बसला आहे हा?” त्यांनी विचारले.

“आज सतरावा दिवस.”

“आणि जेवतो केव्हा?”

मुलीला हा प्रश्न कधी सुचला नव्हता. “अंधार पडल्यावर थोडा वेळ उठतो,” ती म्हणाली, “आणि लगेच परत येतो.” वडिलांनी मान हलवली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग दुर्बीण तिच्या हाती देऊन म्हणाले, “चल, तव्याखाली जाळ तसाच आहे.”

त्यानंतर दोन दिवसांनी गादी रिकामी झाली. मुलगी क्षणभर घाबरली. पण आजोबांनी लव्हाळ्यांकडे खूण केली. मातकट बाप हळूहळू पुढे चालला होता, आणि त्याच्या मागे लोकरीच्या गुंड्यांसारखी चार पिले चिखलातून धडपडत जात होती. पाणलाव्याची पिले अंड्यातून निघाली की लवकरच चालू लागतात. पण पहिले काही दिवस त्यांच्या तोंडात घास घालायला बाप लागतो. पाहता पाहता पाचही जण पाणकणसाच्या दाटीत दिसेनासे झाले.

घरी परतताना मुलगी म्हणाली, “आजोबा, पक्ष्यांत बापच सारे करतो ना!”

“पाणलाव्यात करतो,” आजोबा म्हणाले. “बदकांत करीत नाही. टिबुकलीत दोघे करतात. कोकिळा तर आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात टाकून मोकळी होते. त्यांतली कोणती रीत तू माणसाला लावणार? पक्षी आपल्याला शिकवायला येत नाहीत, बाळ. ते पोट भरायला येतात.”

मुलीने थोडा विचार केला. “ते ठाऊक आहे,” ती म्हणाली. “पण मी न पाहता लिहिले होते.”

त्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने डब्याचे झाकण बाजूला ठेवले. शेजारच्या मैत्रिणीने भाकरीचा तुकडा मोडून विचारले, “कोणी केली ग? छान मऊ आहे.”

“बाबांनी,” मुलगी म्हणाली, आणि जेवू लागली. मागच्या बाकावरून कोणी तरी हसले असेल. तिने वळून पाहिले नाही.

पावसाळा सरला. ते तळे आज पूर्वीएवढे राहिलेले नाही. रस्त्याच्या बाजूने त्यात वीट-मातीचा राडारोडा येऊन पडतो, आणि निर्माल्याच्या पिशव्या काठाला लागतात. लव्हाळ्याची जी पट्टी पाणलाव्याच्या पिलांना लपायला पुरली, ती उद्या बुजली, तर पुढच्या श्रावणात त्यांना दुसरे अंगण नाही. गावातल्या काही मुलांनी दर रविवारी काठावरच्या पिशव्या उचलण्याचा क्रम ठेवला आहे. ती मुलगी त्यांच्यात असते. शेताचे मालकही कधी कधी फावडे घेऊन येतात.

मग पुन्हा थंडीची चाहूल लागली. एके पहाटे उत्तरेकडून काही बदके आली आणि धुक्यात पाण्यावर उतरली. सारी तपकिरी, सारी साधी. मुलीने वही उघडली. नव्या पानावर तिने या वेळी रकाने आखले नव्हते. तिने तारीख घातली आणि लिहिले: ‘तलवार बदके सात. नर किती, मादी किती, ते डिसेंबरात पाहून लिहीन.’